पायाखालची भूमी : पर्यावरणीय भूविज्ञानाच्या अभ्यासास प्रस्तावना

हिंदुस्थानात भूविज्ञानाचा प्रवेश झाला तो कोळशाच्या निमित्ताने. इ. स. १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम कलकत्त्यास येऊन रुजू झाले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना झाली, त्या वेळी कंपनी सरकारला निकड होती ती आगबोटींना आणि लवकरच धावू लागणाऱ्या आगगाड्यांना पुरेल इतका दगडी कोळसा या मुलखात कोठे व किती खोलीवर सापडेल, या माहितीची. त्या निकडीपोटी जी पाहणी झाली, जे नकाशे काढले गेले, खडकांच्या आणि जीवाश्मांच्या ज्या नमुन्यांनी संग्रहालये भरली, त्यांचे ऋण आजच्या प्रत्येक विद्यार्थ्यावर आहे. दाराशॉ वाडियांनी १९१९ साली भारताच्या भूविज्ञानावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तो याच संचिताच्या आधारे, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी या शास्त्राची धुळाक्षरे त्या ग्रंथावरूनच गिरवली. परंतु उगमाचा संस्कार सहजासहजी पुसला जात नाही. विद्यापीठांतून हे शास्त्र शिकवले जाऊ लागले तेव्हाही भूमीला विचारावयाचा मुख्य प्रश्न तोच राहिला : तुझ्या पोटात काय आहे, आणि ते बाहेर कसे काढावे?

पर्यावरणीय भूविज्ञान या शाखेचा प्रश्न निराळा आहे. पोटातले बाहेर काढल्यावर मागे काय उरेल, वर काय रचले म्हणजे खाली काय हालेल, पाणी उपसले, अडवले किंवा मुरवले तर ते कोणत्या वाटेने कोठे जाईल, आणि या साऱ्याचा तेथे राहणाऱ्या माणसांच्या घरादारावर, शेतीवर व आरोग्यावर कोणता परिणाम होईल, हे ती विचारते. खनिजे, खडक, संरचना, भूरूपे, भूजल, भूरसायन या जुन्या शाखांचेच ज्ञान ती वापरते. तिचे वेगळेपण शोधावयाचे असेल तर ते प्रश्न विचारण्याच्या वेळेत शोधावे लागते. माझ्या मते ही वेळ हाच या विषयाचा गाभा होय. आपत्ती घडून गेल्यावर भूवैज्ञानिकाला पाचारण करावे आणि त्याने अहवाल लिहावा, ही रीत सर्वच देशांत जुनी आहे. मंजुरीच्या कागदावर सही होण्यापूर्वी त्याला विचारावे, हा आग्रह त्या मानाने अगदी अलीकडचा, आणि आपल्याकडे तो अद्याप पुरता रुजलेला नाही.

वेल्समधील ॲबरफॅन या खेड्याची हकीकत या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आरंभीच वाचावी असे मला वाटते. ज्या कोळशापायी भूविज्ञान वाढले त्याच कोळशाच्या खाणीतून निघालेली टाकाऊ दगडमाती गावावरच्या डोंगरउतारावर ढीग करून टाकली जात असे. असे सहा ढीग होते. सातवा १९५८ साली सुरू झाला. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी, शाळा नुकती भरली असताना, तो सातवा ढीग पातळ चिखलासारखा होऊन खाली धावला आणि पायथ्याच्या शाळेवर व घरांवर कोसळला. १४४ माणसे दगावली. त्यांपैकी ११६ मुले होती. पुढे न्यायिक चौकशी झाली तेव्हा उघड झाले की हा ढीग एका पाझरावर रचलेला होता, आणि तो पाझर छापील नकाशांवर दाखवलेला होता. ढिगाच्या बुडाशी वर्षानुवर्षे पाणी शिरत राहिले. कणांमधल्या पोकळ्यांतील पाण्याचा दाब वाढत गेला. कणाला कणाशी धरून ठेवणारे घर्षण त्या दाबाने नाहीसे झाले, आणि जे घन दिसत होते ते द्रवासारखे वाहिले. यात अज्ञात असे काही नव्हते. मृदायांत्रिकीचे प्राथमिक धडे गिरवलेल्या विद्यार्थ्याला हे कारण समजावून सांगता आले असते. नकाशा होता, शास्त्र होते, फक्त ढीग कोठे टाकावा हे ठरवताना त्यांपैकी कशाचाही आधार घेतला गेला नव्हता.

त्याआधी तीनच वर्षे, ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री, इटलीतील वायोंट धरणाच्या जलाशयात माँटे टोक या डोंगराची एक अख्खी बाजू उतरली, आणि तिने उसळवलेली लाट धरणाच्या माथ्यावरून जाऊन खालच्या दरीतील सुमारे दोन हजार माणसांना घेऊन गेली. धरणाचे बांधकाम इतके उत्तम होते की ते फुटले नाही. ते आजही उभे आहे. भिंतीचा हिशेब बिनचूक होता, डोंगराचा चुकला होता.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला मात्र या गोष्टी समजून घेण्यासाठी परमुलखात जाण्याचे कारण नाही. राज्याच्या क्षेत्रफळाचा चार पंचमांशाहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापला आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून हा खडक झाला, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर जे आडवे पट्टे दिसतात ते या थरांचेच होत. भूवैज्ञानिक नकाशावर हा एवढा मोठा प्रदेश जवळपास एकाच रंगाने रंगवलेला पाहून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची अशी समजूत होते की येथे एकच एक काळा दगड आहे आणि त्यात शिकण्यासारखे थोडे आहे. ही समजूत दूर करण्याचा उत्तम उपाय म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेकडील एखाद्या अवर्षणप्रवण तालुक्यात जाऊन, जानेवारीच्या अखेरीस, न बांधलेल्या जुन्या विहिरीच्या काठावर उभे राहणे.

अशा विहिरीच्या भिंतीवर सारा पाठ लिहिलेला असतो. वर दोन-तीन हात काळी माती, तिच्या तळाशी चुनखडीचे पांढरे खडे; त्याखाली कुदळीने निघणारा पिवळसर मुरूम; मग कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत गेलेले गोलसर धोंडे; आणि मग सुरुंगाशिवाय न हटणारा, उभ्याआडव्या सांध्यांनी चिरलेला काळा पाषाण. त्या पाषाणाच्या बुडाशी वीतभर किंवा हातभर जाडीचा विटकरी रंगाचा मऊ थर लागतो, तो बोटाने उकरता येतो. एक लाव्हाथर निवून त्याचा माथा हवापाण्याने झिजला, आणि त्यावर दुसरा तप्त थर पसरला, त्या मधल्या काळाची ती खूण. या लाल थराच्या खाली जुन्या थराचा सच्छिद्र माथा सुरू होतो, ज्याला विहिरी खणणारे लोक मांजऱ्या म्हणतात. त्याच्या पोकळ्यांतून झिओलाइटचे पांढरे स्फटिक चमकतात. आता भिंतीवरील ओल पाहावी. ती सर्वत्र सारखी नसते. काळ्या पाषाणाचा बहुतेक भाग कोरडा ठणठणीत असतो, मात्र एखाद्या सांध्यातून काळपट ओघळ उतरलेला असतो, आणि लाल थराच्या वरच्या कडेने विहिरीच्या अर्ध्या घेराला एक ओली रेषा गेलेली असते, तिच्यावर शेवाळ आणि नेचे उगवलेले असतात. सांध्यांतून उतरलेले पाणी त्या चिकण थराने अडवले आणि आडवे वळवले, एवढी गोष्ट ती रेषा सांगते. शेजारच्या शेतात पन्नास हातांवर दुसरी विहीर असेल आणि तिला पाणी नसेल, तर त्याचे कारणही बहुधा याच भिंतीवर सापडते.

या पाण्याचा हिशेब विद्यार्थ्याने स्वतः मांडून पाहावा. गंगेच्या मैदानातील वाळूच्या थरांत कणाकणांमधली जागा पाण्याने भरलेली असते. बेसाल्टमध्ये पाणी राहते ते सांध्यांत, भेगांत आणि झिजून मऊ झालेल्या भागात, आणि अशा झिजलेल्या खडकाच्या एकूण घनफळापैकी उपसता येण्याजोगे पाणी शेकडा १ ते ३ एवढेच धरण्याची रीत आहे. शेकडा २ धरले, तर एक हेक्टर जमिनीखालची पाणीपातळी एक मीटरने उतरली असता हाती येणारे पाणी २०० घनमीटर. आता वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला असे समजा : एका हेक्टरावर ५००० घनमीटर पाणी पडले. त्यातले शेकडा १० मुरले, तर ५०० घनमीटर, आणि तेवढ्याने पातळी अडीच मीटर चढेल. बेसाल्टमधील विहिरी आश्विनात तुडुंब दिसतात आणि फाल्गुनात तळ दाखवतात याचे इंगित या अंकगणितात आहे : साठवण लहान, म्हणून भरणे वेगाचे आणि रिकामे होणेही वेगाचे. उसाच्या एका हेक्टराला वर्षाकाठी सुमारे २०,००० घनमीटर पाणी लागते. पावसाचे सर्वच्या सर्व ५००० घनमीटर उसाच्या कामी आले असे उदारपणे मानले तरी उरलेल्या १५,००० घनमीटरांसाठी तीस हेक्टरांखाली मुरलेले पाणी लागेल. दिलेल्या पाण्यापैकी काही परत मुरते, कालव्याचे पाणी मिळते तेथे गणित बदलते, हे सर्व मान्य. तरीही ही त्रैराशिके ज्याने एकदा हाताने मांडली, त्याच्यापुढे कोणी नव्या विंधण विहिरीचा प्रस्ताव ठेवला असता तो पहिला प्रश्न खडकाविषयी विचारील.

आपले महसुली दप्तर हा प्रश्न विचारत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर गट क्रमांक, क्षेत्र, आकार, खातेदार, कूळ, बोजा यांची काटेकोर नोंद असते; जलसिंचनाच्या साधनाचाही रकाना असतो आणि त्यात विहीर अशी नोंद होते. ती विहीर किती खोल, कोणत्या थरापर्यंत गेलेली, तिला पाणी कोणत्या बाजूने येते, हे लिहिण्याची तजवीज त्या नमुन्यात नाही, कारण तो नमुना जमिनीच्या पृष्ठभागावर सारा आकारण्यासाठी घडला. पुढे कायद्याने या उणिवेची दखल घेतली. पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचे विनियमन करणारा महाराष्ट्राचा १९९३ चा अधिनियम सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास मनाई करीत असे. या मनाईमागचा हेतू स्तुत्य होता, आणि काहीच नसण्यापेक्षा ती पुष्कळ बरी होती. तथापि पाचशे मीटरांचे वर्तुळ कंपासाने काढलेले असते, आणि भूजल मात्र सांध्यांच्या दिशेने चालते. एखादी उभी भेग हजार मीटरांवरच्या दोन विहिरी जोडते, आणि एखादी अभेद्य भिंतीसारखी डाइक शंभर मीटरांवरच्या दोन विहिरी एकमेकींपासून तोडते. २००९ च्या अधिनियमाने पाणलोट क्षेत्राचा विचार पुढे आणला, ही त्या दिशेची प्रगती आहे. कायद्याच्या वर्तुळात खडकाचा नकाशा भरणारी माणसे तयार करणे हे आता विद्यापीठांचे काम आहे.

पाणी किती, यानंतरचा प्रश्न पाणी कसे, हा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात गाळाच्या जाड थरांखाली खारे भूजल आहे. त्या खारपाणपट्ट्यातील गावकऱ्यांना पायाखाली पाणी असूनही पिण्यासाठी दुरून आणावे लागते, आणि तेथील मूत्रपिंडाचे विकार हा तेथील वैद्यांच्या नित्याच्या चिंतेचा विषय झाला आहे. यवतमाळच्या काही गावांत फ्लोराइडने दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. परंतु या प्रकरणातील सर्वांत मोठा धडा बंगालचा आहे. तळ्याविहिरींच्या दूषित पाण्याने पटकी, हगवण पसरते म्हणून गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू निखळ लोककल्याणाचा होता, आणि जंतूंच्या बाबतीत तो साधलाही. त्या गाळात हिमालयातून वाहून आलेले आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले होते. सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या, प्राणवायूरहित थरांत ते ऑक्साइड विरघळले की आर्सेनिक पाण्यात उतरते. १९८३ च्या सुमारास कलकत्त्याच्या वैद्यांनी तळहातांवरील खरखरीत गाठींवरून पश्चिम बंगालच्या खेड्यांतील रोगाचे निदान केले. कूपनलिका खोदताना पाण्यातील जंतू तपासले गेले. आर्सेनिक तपासावे असे कोणाच्या मनात आले नाही. या प्रसंगाचे मला दरवेळी वाईट वाटते, कारण त्यात कोणाचाही लोभ नव्हता. सद्भावनेला भूरसायनाची जोड नव्हती, एवढेच.

भूकंपाच्या बाबतीत आपल्या राज्याने जगाला दोन पाठ दिले, आणि दोन्हींची किंमत मोजली. द्वीपकल्पाचे पठार स्थिर आहे, येथे भूकंपाची भीती नाही, अशी समजूत शास्त्रज्ञांतही दृढ होती. इतकी की भारताच्या भूकंपप्रवणतेच्या पहिल्या नकाशांत शून्य नावाचा एक विभागच होता. कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले, तेव्हापासून तेथे लहान धक्के जाणवू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ प्रतीचा भूकंप होऊन पावणेदोनशेंच्या वर माणसे गेली. जलाशयाच्या पाण्याने प्रेरित झालेल्या भूकंपांचे कोयना हे आज जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे. आणि १९७० च्या नकाशातून तो शून्य विभाग काढून टाकण्यात आला. किल्लारीचा पाठ निराळा. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजलेली असताना ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जो धक्का बसला तो प्रतीने कोयनेसारखाच, पण बळी हजारोंनी गेले. याचे उत्तर घराच्या बांधणीत होते. ओबडधोबड काळ्या दगडाच्या, मातीच्या गिलाव्यात रचलेल्या दोन-तीन फूट रुंद भिंती, आणि लाकडी तुळयांवर टनावारी मातीचे माळवद; उन्हाळ्यात थंडावा देणारे हे घर, आणि दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून त्याच्या माथ्यावर आणखी मातीचा थर पडत असे. दगड तिथलाच, माती तिथलीच, पिढ्यानुपिढ्यांचे शहाणपणही तिथलेच. पण ते शहाणपण उन्हाशी आणि पावसाशी जुळलेले होते, हादऱ्याशी नव्हे. पर्यावरणीय भूविज्ञानाचा विद्यार्थी गावात शिरला की त्याने डोंगराबरोबर भिंतीही पाहाव्यात, असे मी म्हणतो ते यासाठी.

दरडींविषयी येथे थोडक्यात लिहितो, कारण पुढे त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये, आणि २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी तीव्र उतार, खडकावर मातीमुरमाचा थर, आणि दिवसेंदिवस न थांबणारा पाऊस. ॲबरफॅनच्या ढिगात जे पाण्याच्या दाबाने घडले तेच येथे निसर्गाने रचलेल्या उतारावर घडते. उतारावर नवी भेग पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, झाडे व खांब कलणे, दाराच्या चौकटी अडकू लागणे, ही पूर्वचिन्हे ग्रामस्थांना शिकवणे हे काम कोणत्याही यंत्राशिवाय होण्यासारखे आहे, आणि महाविद्यालयांनी ते आपल्या शिवारापुरते तरी अंगावर घ्यावे.

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींचा प्रश्न न्यायालयात गेल्यामुळे सर्वश्रुत झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ऑक्टोबरात तेथील खाणकाम स्थगित केले. त्यातील भूवैज्ञानिक अंग मात्र फारसे चर्चेत येत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत एक टन खनिजामागे दोन-तीन टन जांभा व माती उकरून बाजूला टाकावी लागते. त्या ढिगांवरचा गाळ पावसाळ्यात ओढ्यांतून भातखाचरांत उतरतो, आणि खाण पाणीपातळीखाली गेली की तिचा उपसा आसपासच्या विहिरी ओढून घेतो. ढीग आणि पाणी यांचे नाते येथेही तेच आहे.

आता या विषयाच्या विद्यापीठीय शिक्षणाविषयी. आपल्या अभ्यासक्रमांत याला बहुधा शेवटच्या सत्रातील एका ऐच्छिक पत्रिकेची जागा मिळते, आणि ती प्रदूषणाच्या व्याख्यांनी व अधिनियमांच्या यादीने भरून जाते. ही मांडणी मला मान्य नाही. ज्याला खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येत नाही, ज्याने नतिमापक हाती घेऊन थरांचा उतार मोजलेला नाही, ज्याला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरील समोच्च रेषांतून डोंगर डोळ्यांपुढे उभा करता येत नाही, त्याने पर्यावरणाविषयी कितीही कळकळीने लिहिले तरी त्याचे लेखन पोकळ राहते. मूळ शास्त्र कष्टाने शिकावे. त्याबरोबर रसायन शिकावे, संख्याशास्त्र शिकावे, आणि कायदाही शिकावा. १९९४ पासून मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे झाले आणि २००६ च्या अधिसूचनेने त्याची पद्धत अधिक विस्ताराने घालून दिली. पुष्कळ पदवीधर पुढे अशा अहवालांवर काम करतील. त्या अहवालात भूविज्ञानाचे एक प्रकरण असते, आणि प्रदेशाच्या सामान्य वर्णनाने ते भरून काढणे फार सोपे असते. मंजुरी द्यावी की न द्यावी हे ज्याच्या हाती, त्याला त्या प्रकरणात त्या जागेचा, त्या उताराचा, त्या विहिरींचा प्रत्यक्ष मोजलेला वृत्तान्त मिळाला पाहिजे. आणि जेथे मोजणी झालेली नाही तेथे ती झालेली नाही असे स्वच्छ शब्दांत लिहिलेले सापडले पाहिजे. असा परिच्छेद लिहिण्याची शिस्त वर्गातच लागते, पुढे नोकरीत ती लागत नाही.

शिस्तीइतकेच ऐकण्याचेही शिक्षण हवे. विहीर खणणारे वडार, गावाचा पाणाड्या, उतारावर गुरे चारणारा धनगर, यांनी एकाच शिवाराला चाळीस-चाळीस वर्षे पाहिलेले असते. मुरूम, मांजऱ्या, चोपण, शाडू, जांभा हे त्यांचे वर्गीकरण आहे, आणि ते अनुभवाने घासून नेमके झालेले आहे. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे वहीत उतरवावे, मग मोजून पडताळावे. पडताळा जुळला नाही तर पुन्हा जाऊन विचारावे.

पुढील प्रकरणांची रचना या दृष्टीने केली आहे. पहिली तीन प्रकरणे मूळ शास्त्राची उजळणी करतात. त्यांतील भूजलाचे प्रकरण कोणीही गाळू नये. विद्यार्थ्याने सत्राच्या आरंभीच जवळचे एक लहान पाणलोट क्षेत्र निवडावे, त्यातील विहिरींची पातळी पावसाळा संपताच एकदा आणि पुढे मे अखेरपर्यंत दरमहा मोजावी, कारण सहाव्या प्रकरणातील सर्व उदाहरणे स्वतःच्या नोंदी हाती आहेत असे धरून लिहिली आहेत. त्या नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी द्यावी. पूर्व विदर्भात किंवा दक्षिण कोकणात शिकणाऱ्यांच्या पायाखाली बेसाल्ट नसेल; त्यांनी उदाहरणांतील आकडे आपापल्या खडकाचे घ्यावेत, आणि त्यासाठी लागणारी कोष्टके परिशिष्टात जोडली आहेत.